चवथीचं वजे आणि परीक्षेतला कुला

परवा रात्री डिचोलीहून भाचीचा फोन आला, बीएच्या पहिल्या वर्षाला आहे, परीक्षा तोंडावर आणि मानववंशशास्त्राचं युनिट काही डोक्यात जाईना. म्हटलं वाच बघू. तिने धडाधड म्हणून दाखवलं, मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की, पापुआ न्यू गिनीची ट्रोब्रियांड बेटं, कुला म्हणजे बेटाबेटांतली भेटींची देवाणघेवाण, लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेने फिरतात, पांढरी कंकणं उलट्या दिशेने, कायमचं कोणीच ठेवून घेत नाही. आणि मग म्हणाली, "मावशी, एवढा समुद्र ओलांडून न वापरायच्या वस्तू न्यायच्या, वेडीच माणसं ना गं ती?"

म्हटलं बाय, गेल्या चवथीला तुझ्या ताईच्या सासरी वजे घेऊन कोण गेलेलं? (वजे म्हणजे चवथीला, गणेश चतुर्थीला, लग्न झालेल्या लेकीच्या सासरी माहेरहून जाणारी गोडाधोडाची भेट.) नेवऱ्या (करंज्या), लाडू काय तिच्या सासरी मिळत नाहीत? तरी तुझ्या आईने चार दिवस रांधलं, मोजून भरलं, आणि तिकडे सासूने त्यातलं अर्धंअधिक वाड्यावर घरोघरी वाटलं. खाण्यासाठी नव्हतंच ते. दोन घरांचं नातं जुळलं आणि अख्खा वाडा त्याला साक्षीदार झाला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉसने 1925 साली हेच मांडलं, की भेट द्यावी लागते, घ्यावी लागते आणि फेडावीही लागते. पोरगी एकदम गप्प.

"वेडीच माणसं" हे जे तिच्या तोंडून निघालं ना, आपल्याच चालीरीतींच्या मापाने दुसऱ्यांना मोजणं, त्यालाच स्वसंस्कृतिकेंद्रितता म्हणतात, आणि तिने त्याची व्याख्या दोनदा लिहून काढलेली! मला याचंच वाईट वाटतं. मालिनोव्स्की 1915 ते 1918 मधला बराच काळ त्या बेटांवर गावात तंबू ठोकून राहिला, भाषा शिकला, आणि आपण ते चार मुद्द्यांत पाठ करून घेतो.

अजून एक. सांस्कृतिक सापेक्षतावाद, म्हणजे प्रत्येक प्रथा त्या त्या समाजाच्या चौकटीत समजून घेणं, याचा अर्थ कुठल्याच प्रथेला काही बोलायचं नाही असं पोरांना वाटतं, ते चूक आहे. आधी आतून समजून घ्या, मग बोला. वज्यासाठी कर्ज काढलेलं घर मी जवळून बघितलंय, मुलीच्या आईची झोप उडालेली, पण "लोक काय म्हणतील" याचा त्या बाईवर किती दाब होता हे कळल्याशिवाय "बंद करा ही प्रथा" म्हणून काय उपयोग, तिला ते जमणारच नव्हतं.

भाचीला सांगितलं, पुस्तक ठेव, आजीजवळ बस. काल तिचा मेसेज आला. आजीचं पहिलं वजे मामाने डोक्यावरून चालत आणलेलं, आणि त्यातल्या नेवऱ्या कुठल्या घरी किती गेल्या ते आजीला अजून पाठ आहे.