दहा अक्षरांचा जाच

परत तेच! कोड चालला, एरर नाही, फक्त एक वॉर्निंग आली जी मी नेहमीप्रमाणे वाचलीच नाही, आणि शेपफाइल (नकाशाचा डेटा ठेवायचा जुना फॉरमॅट) उघडून बघतो तर कॉलमच्या नावांचा पार भुगा. पॉप्युलेशन २०११ आणि पॉप्युलेशन २०२१ असे दोन कॉलम होते, पण शेपफाइलमध्ये कॉलमच्या नावाला दहाच अक्षरं चालतात ना, मग एकाचं नुसतं पॉप्युलेशन उरलं अन् दुसऱ्याची शेपटी कापून मागे १ चिकटवला. आता ओळखा कुठलं साल कुठलं! ९०च्या दशकातला फॉरमॅट हा. म्हणायला एक फाइल, निघतात चार-पाच, आणि लोक त्यातली डॉट एसएचपी तेवढी पुढे पाठवून वर मलाच विचारतात उघडत का नाही. अरे बाबांनो, कॉलमचा तक्ता ज्यात असतो ती डीबीएफ फाइल कुठंय? जिओपॅकेज, म्हणजे सगळं एकाच फाइलीत ठेवणारा नवा फॉरमॅट, देतो म्हटलं की 'नको नको, शेपफाइलच द्या'. घ्या!