कॅन्सरवर गांजा म्हणे!

सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर एकच बातमी फिरतेय. ‘गांजातल्या घटकाने कॅन्सरच्या पेशी मारल्या!’ कुठे मारल्या, ते शेवटून दुसऱ्या ओळीत: प्रयोगशाळेतल्या बशीत. पेशंट एकही नाही. तरी हात जोडलेल्या इमोज्यांचा पाऊस.

माझ्या भाच्याला फिट्स येतात. ताईने अशीच एक बातमी वाचून सीबीडीचं, म्हणजे गांजातल्याच पण नशा न आणणाऱ्या एका घटकाचं, तेल मागवलं. पोरगं दिवसभर गुंगीत, जेवता जेवता मान कलंडायची. डॉक्टरांनी विचारलं, “नवीन काय सुरू केलंत?” ताईने न बोलता पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. भाचा फिट्ससाठी क्लोबाझामची गोळी घेतो. सीबीडीमुळे त्या गोळीचा गुंगी आणणारा अंश रक्तात वाढतो. बातमीत होतं का हे? नाव नको!

फिट्सवर सीबीडी चालतं, हे मान्य. २०१८ मध्ये एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, मंजुरीही दिली. पण कशासाठी? ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या फिट्सच्या दोन दुर्मीळ, हट्टी आजारांसाठी. ड्राव्हेच्या २०१७च्या चाचणीत १२० जण होते, निम्म्यांना नुसतंच दिसायला औषध. डोस किलोमागे रोज २० मिलिग्रॅम. खरं औषध घेणाऱ्यांचे महिन्याचे झटके साधारण १२ वरून ६ वर आले. पूर्ण थांबले ते शंभरात पाच जणांचे. ही खरी बातमी, पण हिला कोण फॉरवर्ड करणार?

भाच्याला या दोन्हींपैकी काहीच नाही. आणि ताईच्या बाटलीत नेमकं काय होतं देव जाणे. २०१७ मध्येच अमेरिकेत ऑनलाइन मिळणारी सीबीडीची ८४ उत्पादनं तपासली, तर लेबलाशी जुळली जेमतेम ३१ टक्के. काहींत नशा आणणारं टीएचसीही निघालं. लहान मुलाला!

ताईवर राग नाही हो माझा. झटका आला की एका हाताने पोराला कुशीवर धरायचं आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर सेकंद मोजायचे, असं जिचं आयुष्य, ती कुठल्याही मथळ्याला भुलेल. राग आहे तो मथळा लिहिणाऱ्यावर. आणि ‘गांजा म्हणजे नशाच’ म्हणून खऱ्या औषधालाही हसणाऱ्या शहाण्यांवरही, थोडा.

तेव्हा यापुढे अशी बातमी टाकलीत तर मी तिथेच विचारणार: माणसांवर की उंदरांवर? कुठला आजार? डोस किती? आधीच्या गोळ्यांचं काय? खडूस म्हणा, चालेल.

आणि कमेंटमध्ये ताईला टॅग करू नका.