मागून घूं आवाज आला म्हणजे डिफ्रन्शियल गेलंच असं नाही

पिकअप आणि बोलेरोवाल्यांच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय. त्यात छातीठोक सांगितलंय की मागून घूं आवाज आला की डिफ्रन्शियलमधलं (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणारा भाग) क्राऊन-पिनियन, म्हणजे आतली मुख्य गिअरची जोडी गेलं, हौसिंग म्हणजे त्याचं बाहेरचं कवच गळत असेल तर १४० नंबरचं जाड ऑइल टाका म्हणजे आवाज आणि गळती दोन्ही बंद, सील (ऑइल अडवणारी कडी) बदलणं किरकोळ काम आहे, आणि बाहेर थेंब दिसत नसेल तर डिफ्रन्शियलच्या ऑइलकडे बघायची गरजच नाही. आपल्या नाशिककडे टोमॅटो, कांदा, द्राक्षं सगळं या गाड्यांवर चालतं, लोक असं वाचून डिफ्रन्शियल खोलायला लावतात आणि ऐन सीझनमध्ये गाडी उभी राहते, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आवाजाचं आधी बघू. मागचा आवाज टायरचा असतो, चाकाच्या बेअरिंगचा असतो, प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणारा दांडा) क्रॉसचा, म्हणजे त्याच्या सांध्याचा असतो आणि डिफ्रन्शियलचाही असतो, ते ठरवल्याशिवाय पान्याला हात लावू नका. आडगावच्या पुढे हायवे मोकळा मिळाला की ६० च्या स्पीडला एकदा ॲक्सिलरेटर दाबून ऐका आणि एकदा पाय काढून ऐका. दाबल्यावर घूं आणि सोडल्यावर गायब, किंवा बरोबर उलटं, तर संशय क्राऊन-पिनियनवर, कारण लोड बदलला की दात दुसऱ्या बाजूने लागतात. पाय ठेवा नाहीतर काढा काही फरकच नाही, फक्त स्पीडबरोबर कमीजास्त होतोय, तर आधी टायर आणि चाकाचं बेअरिंग बघा. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला तर बहुतेक टायरच. डावीकडे वळताना वाढला तर उजव्या चाकाचं बेअरिंग, वजन तिकडे जातं ना. गिअर टाकून क्लच सोडताना खट्‌ वाजलं तर आधी क्रॉस हलवून बघा.

दिंडोरीकडच्या एका ओळखीच्या बागायतदाराला एका गॅरेजने सरळ क्राऊन-पिनियनचा सेट सांगितला होता. मागच्या टायरवरून तळहात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने रबराच्या प्रत्येक ठोकळ्याची धार बोटाला लागत होती. टायर पुढे-मागे अदलाबदल केले आणि आवाज पुढून यायला लागला. हौसिंगचा एक बोल्टही सोडवावा लागला नाही. आणि खरंच क्राऊन-पिनियन गेलं असेल तर दोन्ही जोडीनेच बदलायचे, आणि बसवल्यावर दातांना रंग लावून ते कुठे टेकतात हे मेकॅनिकला दाखवायला सांगा, हा तुमचा हक्क आहे.

जाड ऑइलवाल्या सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. जाड ऑइलने आवाज थोडे दिवस दबतो, झीज आत चालूच राहते. गळतीचं खरं कारण कित्येकदा ब्रीदर असतो, हौसिंगच्या वर बसवलेली ती बारकी टोपी. शेतरस्त्याचा चिखल वाळून ती बुजली की गाडी तापल्यावर आतली हवा फुगते, बाहेर पडायला वाट नसते, मग ऑइल सीलच्या कडेने ढकललं जातं. कसारा घाट चढून आल्यावर गळतं आणि कमी पळवल्यावर कोरडं असतं, असं असेल तर आधी टोपी साफ करा, नाहीतर नवीन सीलही गळणारच. ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलं तरी हेच होतं.

गळतंय कुठून हे शोधायला हौसिंग डिझेलने धुऊन, पुसून एक चक्कर मारा आणि मग खाली बघा. प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडलाय तिथे ओलं आणि वर फ्लोअरला आडवा शिंतोड्यांचा पट्टा असेल तर पिनियनचं सील. चाकाच्या आतल्या बाजूला ओलं असेल तर वास घ्या, गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, म्हणजे ॲक्सलचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) सील गेलंय. पातळ असेल आणि हा वास नसेल तर ब्रेक ऑइल असू शकतं. दोन्हीत गाडी घाटात घालू नका, प्लीज. ऑइलने भिजलेले ब्रेक शू पुसून परत बसवू नका, बदला. भरलेली पिकअप सापुताऱ्याहून उतरताना एका बाजूचा ब्रेक लागलाच नाही तर काय होईल याचा विचार करा.

सील किरकोळ काम आहे म्हणे. ॲक्सलचं त्यातल्या त्यात सोपं, पण पिनियनचं सील काढायला मधला नट सोडावा लागतो आणि त्या नटाच्या कसण्यावरच आतल्या बेअरिंगचा दाब ठरतो. बऱ्याच गाड्यांमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये दबणारी स्लीव्ह असते, नट कसायच्या गनने जोरात कसला की ती जास्त दबते आणि ज्या गाडीला फक्त गळती होती तिला आता आवाजही सुरू होतो. सोडायच्या आधी नटावर खूण करायला सांगा, आणि मापाने कसणाराच मेकॅनिक बघा.

आता ऑइलचं, बाहेर थेंब नसला तरी ते बघावंच लागतं. इथले दात एकमेकांवर घसरत फिरतात म्हणून जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, इंजिन ऑइल चालत नाही, नंबर गाडीच्या पुस्तकात असेल तोच घ्या. गोदेच्या पुरात किंवा ओढ्यात मागचं हौसिंग बुडालं असेल तर ऑइल बदलायचे किलोमीटर मोजत बसू नका, लगेच तपासा, तापलेलं हौसिंग पाण्यात गार झालं की आत पाणी ओढून घेतं आणि ऑइल दुधाळ होतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळपट लेप आला तर चालतं, बोटाला टोचणारे तुकडे आले तर दात किंवा बेअरिंग तपासा. लेव्हल बघताना गाडी सपाट जागेवर हवी, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला बोटाला ऑइल लागलं की पुरे. आणि बदलताना आधी भरायचा प्लग सुटतोय का बघा, मगच खालचा ड्रेन प्लग काढा, वरचा जाम निघाला तर रिकामं डिफ्रन्शियल घेऊन कुठे जाणार?