‘सहा महिन्यांत पुन्हा पिवळं’: वास्कोच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव दिलेलं नाही, फक्त ‘वास्को’ लिहिलंय, म्हणून वास्कोकर म्हणतो. रागावू नका.

पिवळ्या पडलेल्या हेडलाईट घरी येऊन साफ करून देण्याच्या माझ्या धंद्याविषयी मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शंभर रुपयांचा वॉटर पेपर (पाणी मारत घासायचा पॉलिश पेपर) घासायचे मी बाराशे घेतो. घासताना कंपनीचं कोटिंगच काढून टाकतो. तुमच्या भावाच्या गाडीला कोणीतरी हेच केलं आणि सहा महिन्यांत काच पूर्वीपेक्षा वाईट झाली. त्यापेक्षा नवा दिवा घ्यावा. आणि ‘पंधरा हजारांत धंदा’ असं लिहून मी बेकार पोरांना नादी लावतो. शेवटी ‘हातचलाखी’ असा शब्दही वापरलाय.

बाहेर डिचोलीचा पाऊस कोसळतोय, कामाची पेटी कोपऱ्यात पडून आहे आणि तुमच्या निम्म्या तक्रारी खऱ्या आहेत. म्हणून उत्तर लांबणार.

कोटिंग काढतो, हे खरं. पण ते कोटिंग तेव्हा जिवंत असतं का? आपण काच म्हणतो ती काच नसते. जुन्या मारुती 800 ला खरी काच होती. ती कधी पिवळी पडली नाही, दगड लागला तर फुटायची एवढंच. आताच्या दिव्यांचं तोंड पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचं. हलकं, सहसा न फुटणारं, हव्या त्या आकारात ओतता येणारं. पण त्याला चरे लवकर पडतात आणि उन्हातले अतिनील किरण सोसत नाहीत, म्हणून कारखान्यातच वर एक पातळ, कडक थर चढवतात. तुम्हाला काळजी वाटते ती या थराची. काच पिवळी दिसायला लागली म्हणजे हा थर उन्हाने संपलेला असतो, कुठे सुटलेला, कुठे चिकटून राहिलेला, आणि खालचं प्लास्टिकही खराब व्हायला लागलेलं असतं. भिंतीचे पोपडे खरवडल्याशिवाय वर रंग बसतो का? तसंच आहे ते.

ऊनच मुख्य कारण, हे बघायचं असेल तर आमच्याकडे या. एका घराच्या कुंपणाला लागून कायम एकाच दिशेला तोंड करून उभी राहणारी गाडी आहे. उजवा दिवा पिवळाधमक, डावा ठीकठाक. मालक म्हणायचे, कंपनीने उजवा दिवा कच्चा दिला. उजव्या अंगाला दुपारभर ऊन आणि डावीकडे फणसाची सावली, एवढाच फरक.

आता सहा महिन्यांचं. इथे मला मान खाली घालावी लागते. पहिल्या वर्षी मीही तेच करायचो जे तुमच्या भावाच्या गाडीला झालं असावं. वॉटर पेपरने घासायचं, पॉलिशचं कंपाउंड लावून मशीन फिरवायचं, वरून मेण चोळायचं. काच आरशासारखी दिसते, गिऱ्हाईक खूश, आधीचा-नंतरचा फोटो झकास. फोंड्याच्या एका शिक्षिकाबाईंची गाडी मी फेब्रुवारीत अशी करून दिली. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या) बाजारात त्या भेटल्या. एक शब्द बोलल्या नाहीत, हातातल्या पिशव्या सावरत फक्त गाडीच्या पुढच्या बाजूला हनुवटी दाखवली. दोन्ही दिवे ताकासारखे. मेण पहिल्या पावसांतच धुऊन जातं. खालचं प्लास्टिक तर मीच उघडं करून ठेवलेलं, म्हणून ते पूर्वीपेक्षा भराभर खराब होतं. तुमचा भाऊ ‘पूर्वीपेक्षा वाईट’ म्हणतो ते अगदी बरोबर आहे. त्या बाईंचं काम मी पुन्हा फुकट करून दिलं.

त्याच वर्षी आणखी एक पराक्रम केला. घासून झाल्यावर काच स्वच्छ व्हावी म्हणून पेंटरकडचा थिनर फडक्यावर घेऊन पुसला. थोड्या वेळात आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. पॉलिकार्बोनेटला थिनर आणि ॲसिटोन चालत नाहीत, हे मला तेव्हा कळलं, आणि त्या दिव्याचे पैसे मी भरले. आता पुसायला फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल.

म्हणून आज मी पैसे कशाचे घेतो, तर घासण्याचे नाही, वरच्या नव्या थराचे. आधी धुणं, मग बंपर आणि बॉनेटच्या कडांना मास्किंग टेप, मग सहाशे, आठशे, हजार अशा नंबरांचे पेपर पाणी मारत. हजारावर मी थांबतो. तेव्हा काच दुधाळ दिसते आणि बहुतेक मालकांचा जीव तिथेच खाली-वर होतो. ‘हें कितें केलें रे?’ हे वाक्य मी महिन्यातून तीन-चारदा ऐकतो. मुद्दाम चकचकीत करत नाही, कारण फार गुळगुळीत पृष्ठभागावर कोटिंगला पकड मिळत नाही. कोटिंग फिरलं की बारीक चरे भरून निघतात आणि काच डोळ्यांदेखत पारदर्शक होते. धंद्यातला हा एक क्षण मला अजून आवडतो.

सुरुवातीला गाड्यांच्या रंगकामातलं टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं पारदर्शक वार्निश, वापरायचो. थर मजबूत होतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसाला वाईट, साध्या कापडी मास्कने अडत नाही. शिवाय सुकायला तास लागतात आणि आमच्या भागात तेवढ्यात लाल माती उडून बसतेच. हवा दमट असली तर हार्डनरची पाण्याशी गाठ पडून बारीक बुडबुडेही येतात. लोकांच्या अंगणात, पोरंबाळं फिरत असताना हे फवारणं मनाला पटेना. आता अतिनील दिव्याखाली काही मिनिटांत कडक होणारं कोटिंग लावतो. महाग पडतं, पण माझी झोप चांगली लागते.

बाराशेचा हिशेब असा. दोन दिव्यांना सामान अडीचशे-तीनशेचं. अडीच तास काम, जाणं-येणं वेगळं, त्यामुळे दिवसाला दोन गाड्या झाल्या तरी खूप. नवा जुवारी पूल झाल्यापासून तुमचं वास्को जवळ आलंय, पण पेट्रोल माझंच जळतं. काही ठिकाणी जाऊन, बघून, हात न लावता परत यावं लागतं, त्याचे मी काही घेत नाही. घरी स्वतः करायचं असेल तर जरूर करा, वर कोटिंग लावा म्हणजे झालं. टूथपेस्ट चोळू नका असं मात्र सांगेन. तीही बारीक घासणारी पूडच असते, आठवडाभर बरं वाटतं. मच्छर पळवायचा स्प्रे मारून क्षणात काच साफ करणारे व्हिडिओ फिरतात. त्यातलं डीट हे मच्छर पळवणारं रसायन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं, पुढे त्यावर धूळ चिकटते. आणि कपात रसायन तापवून वाफ सोडणारं किट कोणी विकत असेल तर लांबून नमस्कार. ती बहुधा क्लोरोफॉर्मच्या जातीची वाफ असते. अंगणात उभं राहून ती हुंगायची हौस कशाला?

नवा दिवा घ्यावा, हेही काही वेळा मीच सांगतो. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संस्थेने 2018 साली मोजमाप केलं होतं. जुने धुरकटलेले दिवे नव्याच्या सुमारे वीस टक्केच उजेड देत होते आणि साफ केल्यावर तो सत्तर टक्क्यांच्या आसपास गेला. सत्तर म्हणजे शंभर नव्हे, हे मी कबूल करतो. पण ज्याला रात्री चोर्ला घाटातून धुक्यात बेळगावहून परतायचंय, त्याला वीस आणि सत्तर यांतला फरक विचारा. नवा दिवा परवडत असेल तर घ्यावा. छोट्या जुन्या गाडीचा दिवा स्वस्त असतो, तिथे मी स्वतः हिशेब मांडून दाखवतो. मोठ्या गाड्यांचा प्रोजेक्टरवाला दिवा एकेक हजारांनी मोजायचा, तिथे आधी मला बोलवा. रेंट-अ-कॅबवाले ऑक्टोबरात येतात, काळ्या नंबरप्लेटच्या पाच-सहा गाड्या घेऊन. त्यांना सीझनपुरती चमक हवी असते, कोटिंग नको, भाव निम्मा. करत नाही म्हटलं तर खोटं होईल. करतो, पण बिलावर ‘कोटिंग नाही’ असं लिहून देतो.

पोरांना नादी लावण्याचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो खरा आहे. ‘पंधरा हजारांत’ लिहिताना मी स्कूटर धरली नव्हती, ती माझ्याकडे होती म्हणून. फुकट करून दिलेली कामं धरली नव्हती, भरून दिलेला दिवा धरला नव्हता. आणि पाऊस धरला नव्हता, गोव्यात राहून! सगळ्यात जास्त फोन जूनमध्ये येतात. मेपर्यंत कोणाला काही जाणवत नाही. पहिला पाऊस पडतो, रात्री ओल्या डांबरावर उजेडच दिसत नाही, आणि मग ‘उद्या येशील?’ उद्या कसा येऊ? दिव्याच्या फटींत पाणी साठलेलं, ते कोटिंग लावता लावता पाझरून बाहेर येतं. मोठं छप्पर आणि पूर्ण कोरडी गाडी असेल तरच मी जून ते सप्टेंबर हात लावतो, म्हणजे जवळजवळ नाहीच. त्या चार महिन्यांत मी माझ्या भावाच्या स्टेशनरीच्या दुकानात बसतो. हे मूळ लेखात यायला हवं होतं. आज सकाळी तिथे ‘पंधरा’ खोडून ‘चाळीस, आणि चार महिन्यांच्या खर्चाची सोय वेगळी’ असं केलंय.

‘हातचलाखी’ मात्र परत घ्या, किंवा आधी एवढं करून बघा. तुमच्या भावाच्या गाडीच्या दिव्यावर तांब्याभर पाणी ओता. ओलं असताना काच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर बिघाड वरवरचा आहे, निघेल. ओली असतानाही तशीच राहिली तर धुरकटपणा आतून आहे किंवा भेगा खोल गेल्यात. तिथे मी काय, कोणीही वरून घासून उपयोग नाही. पाणी ओतल्यावर काय दिसलं ते इथेच खाली लिहा. वरवरचं असेल तर पाऊस उघडला की ऑक्टोबरात मी वास्कोला येतो. भावाच्या गाडीचे फक्त सामानाचे पैसे द्या, आणि पुढच्या चवथीला त्याच दिव्यांचा फोटो काढून मला पाठवा.