वजन खरं, मासा खोटा

पुढच्या महिन्यात एका ओळखीच्या शेततळ्यावर पुन्हा गळानं मासे धरायची स्पर्धा आहे आणि मला पुन्हा वजनकाटा घेऊन बोलावलंय. परवा रात्री फोन आला तेव्हा मी 'बघतो' म्हणालो. सोलापुरात 'बघतो'चा अर्थ काय असतो ते फोन करणाऱ्यालाही कळलं असणार. तसं का म्हणालो ते फोनवर सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आमचा धंदा वजनकाट्यांचा. भुसार दुकान, भाजी मंडई, सोनार, जिथं काटा तिथं आमचं जाणं-येणं. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी आणि लोखंडी वजनं दर दोन वर्षांनी तपासून मोहर मारून घ्यावी लागतात. ती धावपळ करून देणं हेच आमचं पोट. गळाचा नाद मात्र वडिलांकडून आला. रविवारी पहाटे सायकलवर मागे बसवून ते हिप्परग्याच्या तलावावर न्यायचे. हँडलला डालड्याचा डबा, डब्यात ओल्या मातीत गांडुळं. दिवसभर बसून दोन चिलापी आणि एखादा शिंगटा मिळाला तरी स्वारी खूश. घरी आल्यावर आईला सांगताना मात्र एक 'एवढा मोठा' नेहमी दोरी तोडून गेलेला असायचा. (ते खोटं मला मान्य आहे. हात पसरून दाखवलेला मासा कुणी काट्यावर ठेवत नाही.)

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्तर सोलापूर तालुक्यातलं एक शेततळं. प्रवेश फी ३०० रुपये, पहिलं बक्षीस ११,०००, दुसरं ५,०००. वेळ सकाळी ६ ते दुपारी १२. नियम एकच, ज्याचा एक मासा सगळ्यात जड भरेल तो पहिला. चाळीसेक लोक आले होते. कुणाकडे ऑनलाइन मागवलेले रॉड-रीळ, कुणाकडे बांबू. मी झाडाखाली टेबल मांडून, पाणसळीने काटा सरळ करून बसलो होतो. शेजारी खुर्ची टाकून तळ्याचा मालक.

दहा वाजेपर्यंत सगळ्यात पुढे एक पोरगा होता. यंत्रमागावर कामाला, रात्रपाळी संपवून थेट आलेला. बांबूची काठी, तंगूस (नायलॉनची दोरी), आणि कणकेच्या गोळ्यात काय मिसळलं होतं ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याचा रोहू काट्यावर इतका उड्या मारत होता की आकडा थांबेना. शेवटी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला आणि पोत्याचं वजन वजा केलं. १ किलो १६० ग्रॅम.

पावणेबाराला पलीकडच्या बांधावरून एक जण पोत्यात कटला घेऊन आला. ६ किलो २४० ग्रॅम. शिट्ट्या, टाळ्या, सगळ्यांचे मोबाइल बाहेर. मासा हलत नव्हता. 'आत्ताच गेला, ऊन लागलं', असं आणणाऱ्यानं न विचारताच सांगितलं.

तळ्याचा मालक माझ्या कानाशी आला. 'अण्णा, माशाचं बीज टाकून दीड वर्ष व्हायलंय. माझ्या तळ्यात सहा किलोचा कटला कुठनं आला?' चांगलं खाद्य घातलं तर कटला वर्षात किलोभर होतो, फार तर थोडा वर. हे त्याला माहीत, मला माहीत, तिथल्या निम्म्या लोकांना माहीत. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं तळ्याकडे बघितलं. मग मी वहीत आकडा लिहिला.

उरलेले मासे घ्यायला बाजारात बसणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. त्यांनी बक्षिसाचा कटला उचलला, अंगठ्यानं कल्ल्याचं झाकण वर केलं, पोटाशी बोट दाबलं आणि मासा परत ठेवला. 'ह्यो नको मालक. कालचा हाय, बर्फातला.' कल्ले लाल नव्हते, तपकिरी पडले होते. डोळा आत गेलेला. बोट दाबलेल्या जागी खळगा तसाच. रविवारी मासे आणणारी आपल्याकडची कुठलीही बाई हे तीन सेकंदांत बघते. चाळीस गळवाले, चार आयोजक आणि एक काटेवाला, आम्हाला दिसलं नाही. म्हणजे दिसलं हो.

मी आयोजकांना बाजूला घेऊन हळूच म्हणालो. उत्तर तयारच होतं. 'जाऊ द्या ना अण्णा. पाहुण्यातला माणूस हाय. गंमत म्हणून ठेवलंय, कशाला वाद?' आणि मी जाऊ दिलं. ११,००० पाहुण्याला, ५,००० पोराला, दोघांना हार, फोटो.

पोरानं तक्रार केली नाही. काठी गुंडाळून निघताना फक्त माझ्याजवळ आला. 'अण्णा, काटा बरोबर हाय न्हवं?' मी छाती ठोकून म्हणालो, बरोबर आहे, ही बघ मोहर. काटा खरंच बरोबर होता आणि तेच मला दोन वर्षं खुपतंय.

आता जरा लांब जाऊ. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला लेक एरी या मोठ्या सरोवरावरची वॉलाय माशांची स्पर्धा झाली, तिचा व्हिडिओ तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. दोघांच्या जोडीचे पाच मासे, एकूण वजन सुमारे ३४ पौंड, म्हणजे साडेपंधरा किलोच्या आसपास. जिंकले असते तर साधारण २९,००० डॉलर, त्या वेळच्या भावानं २३ लाखांच्या वर. वजन घेणारे स्पर्धेचे संचालक जेसन फिशर यांना खटकलं, कारण नजरेला प्रत्येक मासा चार पौंडांचा वाटत होता आणि आकडा जवळपास सातचा सांगत होता. त्यांनी मासा दाबून बघितला, आत काहीतरी कडक लागलं. सगळ्यांसमोर सुरी लावली आणि पोटातून शिशाचे गोळे निघाले. सोबत दुसऱ्या माशांच्या मांसाचे तुकडेही कोंबलेले. ती जोडी त्या वर्षीच्या सर्वोत्तम संघाच्या किताबाच्या तोंडाशी होती. पुढे दोघांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. दहा दिवसांचा तुरुंग, दंड, परवाना निलंबित आणि बोटही गेली.

तो व्हिडिओ बघताना मला हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. आमच्या धंद्यात शिसं पोटातच असतं. लोखंडी वजनमाप उलटं करून बघा, खाली एक भोक असतं आणि त्यात शिसं भरलेलं असतं. माप कमी भरलं तर शिसं घालायचं, जास्त भरलं तर खरवडायचं, आणि बरोबर झालं की त्याच शिशावर सरकारी मोहर. शिसं पाण्याच्या अकरा पटीहून जड. कोंबडीच्या अंड्याएवढा गोळा अर्ध्या किलोच्या वर भरतो. माप खरं करायला जे वापरतो तेच माशाला खोटं करायला वापरलेलं बघून, का कोण जाणे, मला धंद्याचा अपमान झाल्यासारखं वाटलं.

पण खरं सांगू? त्या दोन लबाडांपेक्षा मला तो सुरी लावणारा माणूस जास्त आठवतो. समोर गर्दी, स्पर्धा स्वतःची, आधी जिंकून बसलेली जोडी. मासे कापले आणि आत काही निघालं नसतं तर त्याचीच शोभा झाली असती. त्यालाही 'जाऊ द्या ना' म्हणणारे भेटले असतीलच. मी मात्र तपकिरी कल्ले समोर दिसत असताना पेन उचललं.

काही मित्र म्हणतील, हजारो डॉलरचं काय सांगतोस, आपलं ११,००० चं. मला वाटतं त्या पोराच्या दृष्टीनं हिशेब करून बघा. रात्रपाळी, वर झोप गेलेली, ३०० रुपये फी, आणि हक्काचे ६,००० कमी. ती रक्कम त्याला 'गंमत' वाटली असेल असं मला वाटत नाही.

बाहेर नियम किती कडक पाळतात ते बघून आधी मला चक्क राग यायचा. २०१६ मध्ये अमेरिकेत मेरीलँडच्या व्हाइट मार्लिन ओपन या समुद्रातल्या गळाच्या स्पर्धेत एकानं साडेशहात्तर पौंडांचा पांढरा मार्लिन मासा आणला. बक्षीस २८ लाख डॉलर. मासा खरा, वजन खरं. पण गळ टाकायची वेळ सकाळी साडेआठनंतरची आणि यांच्या दोऱ्या आधीच पाण्यात गेल्या होत्या असा ठपका. त्या स्पर्धेत विजेत्याला खोटं पकडायच्या यंत्राची चाचणी द्यावी लागते, फी भरतानाच ते कबूल केलेलं असतं. चाचणीत नापास. माणूस कोर्टात गेला, २०१७ मध्ये तिथेही हरला. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या बिग रॉक स्पर्धेत तर एका बोटीनं सहा तास झुंजून ६१९ पौंडांचा निळा मार्लिन आणला आणि तो बाद झाला, कारण वर येण्याआधी शार्कनं त्याचा लचका तोडला होता. जखमी झालेला मासा पुरता लढत नाही, म्हणून तो स्पर्धेत मोजत नाहीत. यात बोटीवाल्यांची काडीची लबाडी नव्हती. सुमारे ३५ लाख डॉलर गेले.

हा दुसरा निकाल मला फार दिवस पचला नाही. शार्कला कोण आवरणार? मग दुकानातलाच विचार केला. भाजीवाली आपली शेजारीण आहे, गरीब आहे, प्रामाणिक आहे, म्हणून तिच्या काट्याला तपासणीशिवाय मोहर मारा, असं कुणी म्हणालं तर मी मारून देईन का? एका प्रामाणिक माणसासाठी नियम वाकवला की पुढच्या वर्षी पाहुण्यासाठी वाकवायला तोंड मोकळं होतं.

आणि एक, हे खास काटेवाल्यांसाठी. मोठ्या तोंडाच्या बास माशाचा जागतिक विक्रम १९३२ चा, अमेरिकेत जॉर्जियात जॉर्ज पेरी यांचा, २२ पौंड ४ औंस. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून साधारण एक औंस जास्त भरणारा मासा धरला. तरी विक्रम मोडला असं धरलं नाही, बरोबरी धरली. नियम असा की मागे टाकायचं तर किमान दोन औंसांनी टाका. आणि कुरितांनाही खोटं पकडायच्या यंत्रापुढे बसवलं, ते पास झाले. दोन औंस म्हणजे ५७ ग्रॅम. आमच्याकडे २० ग्रॅमवरून पहिला-दुसरा ठरवतात आणि काटा कधी पोत्यावर, कधी कुणाच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलेला असतो.

आपल्याकडच्या लबाड्या तशा साध्या असतात. आदल्या दिवशीचा मासा जाळीच्या पिशवीत पाण्यात बांधून ठेवायचा आणि सकाळी 'लागला' म्हणून ओरडायचं. त्याचं नाक घासलेलं असतं, शेपटी फाटलेली असते. एकूण वजनाची स्पर्धा असेल तर तीन भाऊबंदांचे मासे एकाच्या नावावर. काकांनी ओढायचं आणि पुतण्यानं फोटो काढायचा. तोंडातून पाणी भरणारेही महाभाग आहेत, पण मासा उलटा धरला की ते कळतं.

यातलं जवळपास सगळं एका गोष्टीनं थांबेल: मासा जिवंत नसेल तर काट्यावर घ्यायचा नाही. टबात सोडा, पोहला तर मोजू, मोजून झाला की तळ्यात परत. बर्फातला कटला पोहत नाही. उन्हानं एखाद्या खऱ्या माणसाचा मासा मरेल, त्याला वाईट वाटेल, मलाही वाटेल. दुसरं, मासा लागला की जागेवरच फोटो, शेजारी त्या दिवशी सकाळीच वाटलेलं चिन्ह, रंगीत फीत म्हणा नाहीतर पत्त्यातलं पान. तळ्याच्या मालकानं आधीच जाहीर करायचं की बीज कधी टाकलं आणि साधारण केवढे मासे आहेत. आणि पहिलं बक्षीस ११,००० ठेवूच नका. एक चांगला रॉड द्या, एक सोलापुरी चादर द्या, शेंगा चटणीचा डबा द्या. चादरीसाठी कुणी आदल्या रात्री बर्फ आणायला जाणार नाही.

या अटी मी काल आयोजकांना पाठवल्यात. शेवटची अट वाचून त्यांनी हसण्याचं चित्र पाठवलं, पण मी गंमत केलेली नाही. टेबलावर माझ्या शेजारी परीक्षक म्हणून त्या मावशींना बसवा. मासा आधी त्यांच्या हातात जाईल, मग माझ्या काट्यावर. त्यांनी 'नको' म्हटलं की मी वही उघडणार नाही, मग तो कुणाचाही पाहुणा असो.

त्या पोराचा नंबर माझ्याकडे नाही. कुणाला ओळख पटली असेल तर त्याला ही पोस्ट दाखवा.

आज सकाळी बाजारात जाऊन मावशींनाही विचारलं. मांदेलीचा वाटा लावता लावता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'रईवारचा दिस हाय मालक, धंद्याचा. हजेरी किती देनार ते आधी बोला.'