जवानांच्या स्मारकावर सगळ्यात मोठं नाव कोणाचं?

गावात जवानांचं स्मारक बांधायचं ठरलं की पहिली चर्चा पुतळ्याची. फायबरचा की सिमेंटचा, किती फुटी? नावांची पाटी शेवटच्या आठवड्यात उरकतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा जुना कोरीव दगड, बघा. खाली पडलेला वीर, वर लढाई, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, मग शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. निरक्षरालाही कळावं अशी मांडणी. पण बहुतेकांवर अक्षर नाही, म्हणून गावाने शेंदूर लावून त्याचा देव केला आणि माणूस हरवला. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी अनेक गावांत पाट्या लावल्या: १९१४ ते १९१९, या गावातून इतके गेले, इतके मेले. तिथे नुसता आकडा. म्हणजे नाव कोरायचं काम आपल्याकडेच उरलंय.

दगड आपल्या नाशिककडचाच काळा पाषाण घ्या, पण भरीव. आपल्या खाणींत पांढऱ्या ठिपक्यांचा जाळीदार दगडही निघतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यातलेच स्फटिक मांडलेत. बघायला सुंदर, पण कोरताना नेमकी तिथेच अक्षराची कड उडते. अक्षर किमान इंचभर उंच आणि ३ मिमी खोल हवं. उथळ कोरून सोनेरी रंग भरला की रंग उडाल्यावर आधी अनुस्वार आणि रफार दिसेनासे होतात. कोरण्याआधी कागदावरचा मजकूर घरच्यांना दाखवा, सेवेच्या कागदपत्रांशी ताडून बघा. हुद्दा, पलटण, तारीख हवीच; पण क्रम तारखेचा, हुद्द्याचा नको.

निफाड-येवल्याकडच्या काळ्या मातीवर थेट चौथरा बांधू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि चौथऱ्याला तिरकी चीर जाते. मुरूम लागेपर्यंत खोदा. काळी फार खोल असेल तर निदान तीन फूट काढून, सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरा, पाणी मारून धुमसा. इगतपुरी-त्र्यंबककडे खरा शत्रू पाऊस. ग्रॅनाइट नुसत्या सिमेंटवर चिकटवलं की मागे पोकळी राहते, पाणी शिरतं आणि फरशी सुटते. ठोकून बघा, बद्द आवाज आला की समजा. फरशी मागे पकडून ठेवणाऱ्या स्टीलच्या पिना हव्यातच. चौथऱ्याला दर चार फुटांना इंचभर उतार द्या.

पुतळा हवाच असेल तर निदान तोफखान्यातल्या जवानाला पायदळाचा करू नका. तोफखान्याचं केंद्र असलेल्या नाशिकरोड-देवळालीच्या शेजारी राहून ही चूक शोभत नाही. त्यापेक्षा नळी खाली केलेली रायफल आणि त्यावर हेल्मेट, एवढं पुरे.

आता कोणाला राग येईल ते. ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या निधीतून’ ही पाटी जवानांच्या नावांपेक्षा मोठी असते, तीही दर्शनी बाजूला. ती मागे लावा, अर्ध्या इंचाच्या अक्षरात. आणि मुख्य शिळेवर खालची जागा कोरी सोडा. बोलायला जड जातं, पण गावातली पोरं अजून भरती होतायत.