‘प्रेमाचे औषध’ आणि ‘नुसती गंमत’: एक प्रतिवाद

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: कार्टूनमध्ये एका पात्राने दुसऱ्याला प्रेमाचे औषध पाजणे हा जुना, निरुपद्रवी विनोद आहे, पिणारे पात्र तर आनंदातच असते, औषधाचा अंमल शेवटी उतरतो, पाजणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, असे औषध खऱ्या जगात मिळत नाही, आपल्या पुराणांपासून शेक्सपिअरपर्यंत मोहिनीच्या कथा भरलेल्या आहेत आणि त्यांवर कधी कुणी हरकत घेतली नाही, तेव्हा त्यात संमतीचा प्रश्न उकरून काढणे हे मोठ्यांनी मुलांच्या करमणुकीवर लादलेले खूळ आहे. मुलांना निर्धास्त हसू द्यावे, ही त्यामागची इच्छा मला मान्य आहे. मुद्दे मात्र मला एकही पटत नाहीत, आणि मजकूर मुद्द्यांच्या रूपात असल्यामुळे उत्तरही मुद्द्यांनीच देते.

सुरुवात शेवटच्या आरोपापासून, म्हणजे ‘लादलेले खूळ’ यापासून करते, कारण तो खोटा ठरला तर बाकीच्या मुद्द्यांचा पायाच सुटतो. ‘माय लिटल पोनी: फ्रेंडशिप इज मॅजिक’ ही बोलक्या तट्टांच्या जगातली, लहान मुलांसाठीच केलेली मालिका आहे. तिच्या दुसऱ्या पर्वातला ‘हार्ट्स अँड हूव्ज डे’ हा भाग फेब्रुवारी २०१२ मध्ये, व्हॅलेंटाइन दिवसाच्या तोंडावर प्रसारित झाला. ॲपल ब्लूम, स्वीटी बेल आणि स्कूटालू या तीन शाळकरी शिंगरांना कळते की त्यांच्या लाडक्या शिक्षिका चीअरिली यांचे कुणाशीच जुळलेले नाही. ॲपल ब्लूमचा थोरला भाऊ बिग मॅकिंटॉश त्यांना बाईंसाठी अगदी योग्य वाटतो. दोघांना एकत्र आणायचा सरळ प्रयत्न फसल्यावर मुली एका जुन्या पुस्तकातल्या कृतीवरून पेय तयार करतात आणि ते साधे सरबत असल्याचे भासवून दोघांना पाजतात. पुढे जे होते ते खरोखर हसवणारे आहे: दोन समंजस प्रौढ एकमेकांच्या डोळ्यांत हरवून जातात, बोबड्या लाडिक नावांनी हाका मारू लागतात, आणि दिवसभराची सगळी कामे विसरतात. मग मुलींना उमगते की आपण ज्याला ‘लव्ह पोशन’, म्हणजे प्रेमाचे औषध, समजत होतो, ते वास्तविक ‘लव्ह पॉयझन’, म्हणजे प्रेमाचे विष आहे. त्याच विषापायी पूर्वी एक राजपुत्र आणि राजकन्या एकमेकांत इतके गुंतले की त्यांचे राज्य बुडाले, अशी हकिकतही त्यांना वाचायला मिळते. उतारा एकच असतो, दोघांना तासभर एकमेकांच्या नजरेआड ठेवणे, आणि तो साधताना मुलींची दमछाक होते. शेवटी त्या माफी मागतात आणि शिक्षा म्हणून बिग मॅकिंटॉशची शेतावरची कामे त्यांना करावी लागतात.

‘विष’ हा शब्द कुणा टीकाकाराने बाहेरून चिकटवलेला नाही. तो पटकथेतला आहे, आणि अख्खा भाग त्या एका शब्दावर वळतो. मी हा भाग माझ्या सात वर्षांच्या भाचीबरोबर पाहिला. लाडिक नावांपर्यंत ती मनापासून हसत होती. बाई लग्नाचा पोशाख घालून उभ्या राहिल्या तेव्हा तिचे हसू थांबले आणि पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “मावशी, पण बाईंना कुणी विचारलंच नाही.” मी त्यापूर्वी एक अक्षरही बोलले नव्हते. एका मुलीच्या बोलण्यावरून सगळ्या मुलांविषयी निष्कर्ष काढता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण हा प्रश्न मुलांना सुचतच नाही, तो मोठेच त्यांच्या तोंडी घालतात, असे म्हणणाऱ्याने हा भाग एकदा मुलांशेजारी बसून पाहावा.

आता ‘पिणारा आनंदातच असतो’ हा मुद्दा. मजकुरातला हा सर्वांत धोकादायक भाग आहे, असे मला वाटते, कारण वरवर पाहता तो दयाळू वाटतो. एखादी व्यक्ती हसते आहे, बागडते आहे, स्वतःहून जवळ येते आहे, मग अन्याय कुणावर झाला, असा तो सवाल आहे. पण माणूस ज्या मनाने ‘मला हे हवे आहे का’ हे ठरवतो, त्याच मनावर औषधाचा अंमल असतो. त्यामुळे त्या अवस्थेतल्या होकाराला साक्ष म्हणून उभे करणे म्हणजे ज्याने शाई बदलली त्याच्याच हातात सहीची तपासणी देणे होय. या बाबतीत शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’चा दाखला महत्त्वाचा आहे, आणि तो ॲनिमेशनलाही परका नाही: चेकोस्लोव्हाकियाच्या यिरी त्र्न्का यांनी १९५९ मध्ये या नाटकावर बाहुल्यांचा अप्रतिम चित्रपट केला. परीराणी टिटानिया झोपलेली असताना तिच्या पापण्यांवर एका फुलाचा रस पिळला जातो आणि जागी होताच ती गाढवाचे डोके लागलेल्या बॉटम विणकरावर भाळते. नाटकात तिच्याइतके आनंदी त्या घटकेला कुणीच नसते. पण या आनंदाच्या आड काय घडते, ते नीट पाहावे. हिंदुस्थानातून आणलेला एक पोरका मुलगा तिने आपल्यापाशी वाढवलेला असतो. त्याची आई टिटानियाची मैत्रीण होती आणि बाळंतपणात वारली होती. तिचा नवरा, परीराजा ओबेरॉन, याला तो मुलगा हवा असतो, आणि शुद्धीवर असताना टिटानियाने त्याला साफ नकार दिलेला असतो. ती रसाच्या अमलाखाली असताना तो पुन्हा मागणी करतो आणि ती तत्काळ मुलगा देऊन टाकते. अंमल उतरल्यावर तिला बॉटमचे तोंड पाहूनही शिसारी येते. मुलगा मात्र ओबेरॉनकडेच राहतो. तिचा आनंद खोटा नव्हता, तरीही त्याच आनंदाच्या वाटेने तिच्याकडून तिची सर्वांत जिवाची गोष्ट काढून घेतली गेली. आनंदाला निर्दोषपणाचा पुरावा मानणाऱ्यांनी या दृश्याचे उत्तर द्यावे.

‘अंमल शेवटी उतरतो’ या मुद्द्यालाही तेच नाटक अर्धे उत्तर देते. डेमिट्रियस या तरुणाच्या डोळ्यांतला रस कधीच उतरवला जात नाही. तो त्याच अवस्थेत हेलेनाशी लग्न करतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. उरलेले उत्तर प्रौढांसाठीच्या ‘रिक अँड मॉर्टी’ या मालिकेने २०१४ मध्ये, पहिल्या पर्वातल्या ‘रिक पोशन नंबर नाइन’ या भागात दिले. (हा भाग मुलांना दाखवू नये.) मॉर्टी हा शाळकरी मुलगा वर्गातल्या जेसिकाने आपल्यावर प्रेम करावे म्हणून आजोबांकडून द्रव तयार करून घेतो. फ्लूची साथ चालू असते, जेसिकालाही फ्लू झालेला असतो, द्रव विषाणूत मिसळतो आणि मॉर्टीचे रक्ताचे नातलग वगळता सगळे जग त्याच्यामागे लागते. उताऱ्यावर उतारे दिले जातात आणि माणसे अधिकाधिक विद्रूप होत जातात. शेवटी दोघे ते जग तसेच टाकून अशा एका समांतर जगात निघून जातात, जिथे त्यांच्यासारखेच दोघे नुकतेच मेलेले असतात, आणि मॉर्टीला स्वतःचे प्रेत परसात पुरावे लागते. सगळा दोष आजोबांवर ढकलणाऱ्या मॉर्टीला आजोबा सुनावतात की मुलीला नकळत गुंगीचे औषध द्यावे, तशीच तुझी मागणी होती. कथा अतिशयोक्त आहे, पण तिने एक गोष्ट अचूक पकडली आहे: परिणाम उतरणे आणि घडलेले पुसले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तासाभराने चीअरिली बाई भानावर येतात, पण तो तास त्यांच्या आयुष्यातून वजा होत नाही; त्या तासात त्या काय बोलल्या, कुणासमोर बोलल्या, हे गावाने पाहिलेले असते.

हेतूविषयी थोडक्यात. पोनीच्या तिन्ही मुलींचा हेतू निर्मळ होता, तरीही कथा त्यांच्याकडून माफी मागवते, एवढे उत्तर खरे तर पुरे आहे. पण ‘स्ट्रेंज मॅजिक’ या २०१५ च्या चित्रपटाचा उल्लेख इथे करायला हवा, कारण तो नेमका याच ठिकाणी घसरतो. सनी हा साधा, लाजाळू एल्फ आपली मैत्रीण डॉन हिच्यावर मूकपणे प्रेम करत असतो आणि दुसऱ्याच्या चिथावणीवरून प्रेमाचे औषध मिळवायला निघतो. ते डॉनवर पडते खरे, पण तिची नजर भलत्याकडेच जाते. शेवटी सनीच्या खऱ्या प्रेमाने तिच्यावरचा अंमल उतरतो आणि तिचेही मन त्याच्यावर जडते. इथे पटकथेने सनीची सुटका फार स्वस्तात केली आहे. तिला तो आवडतोच असे निघाल्यामुळे त्याने तिच्यावर औषध टाकायचे ठरवले होते, या गोष्टीचा हिशेब करण्याची वेळच येत नाही. ती त्याला ‘तू माझ्याशी असे का केलेस’ असे विचारते, असा एक प्रसंग असता तर मला हा चित्रपट कितीतरी अधिक आवडला असता. याच्या शेजारी ‘श्रेक २’ (२००४) ठेवून पाहावा. परीमातेने राजा हॅरल्डला एक औषध दिलेले असते. ते पिऊन त्याची मुलगी फिओना ज्याचे पहिले चुंबन घेईल त्याच्या प्रेमात पडणार असते. राजावर दडपण असते, भीती असते, मुलीचे भले कशात आहे याविषयीचे स्वतःचे मतही असते. तरीही तो औषधाचा पेला तिच्या हाती जाऊ देत नाही. या एका न दिलेल्या पेल्याने तो बाप म्हणून माझ्या नजरेत मोठा झाला.

‘असे औषध जगात नसतेच’ हे रसायनशास्त्र म्हणून खरे आहे. पण त्याची विक्री असते. मुंबईच्या लोकलच्या डब्यात दाराशेजारी चिकटवलेली ‘वशीकरण स्पेशालिस्ट’ची पत्रके कुणी पाहिली नाहीत? रुसलेली व्यक्ती परत, मनासारखे लग्न, काम खात्रीशीर. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला आणि जो त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झाला, तो अलौकिक शक्तीच्या नावाने होणाऱ्या अशाच फसवणुकीसाठी आहे. शिवाय पेयात गुपचूप काही मिसळणे ही कल्पनेतली गोष्ट नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ६३ बलात्काराची व्याख्या करताना स्पष्ट सांगते की नशेमुळे, किंवा गुंगी आणणारा अथवा अपायकारक पदार्थ दिला गेल्यामुळे, स्त्रीला आपण कशाला होकार देत आहोत याचे स्वरूप आणि परिणाम समजत नसतील, तर तो होकार संमती ठरत नाही. या वाक्यातून कायद्याची भाषा काढून टाकली तर जे उरते, ते माझ्या भाचीने पडद्याकडे पाहत म्हटलेलेच वाक्य आहे.

राहिला पुराणांचा मुद्दा, ‘कधी कुणी हरकत घेतली नाही’ हा. तो लिहिणाऱ्याने महाभारताचे वनपर्व उघडावे. कृष्णाबरोबर पांडवांना भेटायला वनात आलेली सत्यभामा द्रौपदीला एकांतात विचारते की हे पाच वीर तुझ्या मुठीत कसे राहतात. व्रत, मंत्र, औषधी, मुळी, जप, होम, यांपैकी तुझा उपाय कोणता? द्रौपदीला प्रश्नच आवडत नाही. ती म्हणते, हे तू मला दुष्ट स्त्रियांच्या वागण्याविषयी विचारते आहेस. बायको मंत्र आणि मुळ्या वापरते हे ज्या क्षणी नवऱ्याला कळते, त्या क्षणापासून घरात साप शिरल्यासारखा तो तिला बिचकू लागतो. ‘उद्विग्नस्य कुतः शान्तिरशान्तस्य कुतः सुखम्’, जो धास्तावला त्याला शांती कुठली आणि ज्याला शांती नाही त्याला सुख कुठले. पुढे ती अशा औषधांनी जलोदर झालेले, कोड फुटलेले, अकाली पिकलेले, आंधळे, बहिरे आणि मंद झालेले पुरुष मोजून दाखवते. त्यानंतर ती पतिसेवेचा जो लांबलचक पाठ देते, तो मला आज मान्य नाही, आणि अथर्ववेदात प्रेम मिळवून देणारे मंत्र आहेत हेही खरे. म्हणजे परंपरेत दोन्ही बाजू होत्या. पण हरकत घेणारी बाजू नव्हती, हे म्हणणे टिकत नाही. ती द्रौपदीच्या तोंडी आहे, आणि पोनीच्या पटकथेने वापरला तो विषाचा अर्थही तिच्या यादीत आहे.

या सगळ्यावर नेहमीचे उत्तर येते: मग काय, कार्टूनमधून प्रेमाचे औषध हद्दपार करायचे? माझी तशी मागणी नाही. वर ज्या भागाला मी सर्वांत अधिक जागा दिली, तो औषधाविना उभाच राहिला नसता. मला हवी आहे ती पटकथेतली दोन मिनिटे: अंमल उतरला आहे, पेला रिकामा पडला आहे, आणि ज्याने तो नकळत प्यायला त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबला आहे. त्याला कळू द्या की काय झाले होते, त्याला रागावू द्या, आणि ज्याने पाजले त्याला तो राग ऐकून घेऊ द्या. चीअरिली बाईंना ती दोन मिनिटे मिळाली. डॉनला मिळाली नाहीत.